मनगटात प्लेट बसल्यावर: हात मोकळा करण्याचे पहिले तीन महिने

मनगटाचं ऑपरेशन झालेला पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, येतो तेव्हा आपणहून हात वर-खाली करून दाखवतो आणि म्हणतो, "तसा बरा आहे." मग मी सांगते, कोपर अंगाला चिकटवून प्रसाद घ्यायला हात पुढे करा. बहुतेकांचं कोपर पोटापुढे सरकतं, कंबर वाकडी होते, तळहात मात्र भिंतीकडेच बघत राहतो. मनगट वर-खाली होणं वेगळं आणि हात उलटा-सुलटा होणं वेगळं. दुसऱ्या हालचालीकडे कुणाचं लक्षच नसतं. तोंड धुवायला ओंजळ करताना, दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना ते कळतं, तोवर दीड-दोन महिने गेलेले असतात.

ते दीड-दोन महिने वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख आहे. पेशंटने स्वतः काय करायचं, घरच्यांच्या हाताने काय करायचं आणि फक्त फिजिओथेरपिस्टच्या हातावर काय सोडायचं, या तीन गोष्टींची आपल्याकडे फार सरमिसळ होते.

आत काय केलंय ते आधी समजून घ्या

पडताना आपण हात टेकतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, मनगटाच्या जरा वर तुटतं. डब्लिनचे सर्जन ॲब्राहम कोलीस यांनी १८१४ साली याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला ८१ वर्षं होती. हाड वाकडं जुळलं तरी कालांतराने हालचाल पूर्ण परत येते, असं त्यांचं मत होतं. तेवढा भरवसा आज कोणी देत नाही.

हाडाचे तुकडे सरकले असतील तर हल्ली बहुतेक वेळा तळहाताच्या बाजूने चीर देऊन प्लेट आणि स्क्रू बसवतात. या लेखात तोच पेशंट गृहीत धरला आहे. फक्त तारा घातल्या असतील किंवा बाहेरून सळ्यांची चौकट लावली असेल, तर ते निघेपर्यंत मनगट हलवायचं नसतं. तेव्हा खाली बोटं, कोपर आणि खांद्याबद्दल लिहिलंय तेवढंच तुमचं.

प्लेटचा अर्थ लोक चुकीचा लावतात. प्लेटमुळे तुकडे घट्ट धरले जातात, म्हणून हालचाल लवकर सुरू करता येते. पण हाड आपल्या गतीनेच जुळतं, त्याला सहा आठवडे आणि कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून या काळात हात हलवायचा, पण त्यावर भार टाकायचा नाही. जमिनीवरून उठताना तळहात टेकणं, भरलेली बादली, कुकर, नातवंडाला कडेवर घेणं, सगळं बंद. तंबाखू आणि मिश्री हाड जुळायला उशीर लावतात, हेही इथेच सांगून टाकते, कारण मिश्रीचं कोणी डॉक्टरला सांगत नाही.

पहिले दोन आठवडे: मनगट विसरा, बोटं सांभाळा

टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, मनगट बहुधा स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या कडक पट्टीत, असतं. या काळात खरा धोका बोटांना असतो. सुजलेली बोटं आठ-दहा दिवस अर्धवट वाकलेली राहिली की आखडतात, आणि नंतर ती सोडवणं मनगट सोडवण्यापेक्षा अवघड जातं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून, जागे असताना दर तासाला, बोटांचे पाच आकार दहा-दहा वेळा करायचे. आधी बोटं पूर्ण सरळ. मग फक्त पुढची दोन पेरं दुमडून आकडा. मग पूर्ण मूठ. मग बोटं सरळ ठेवून मुळापाशी काटकोनात वाकवायची, टेबलासारखी. शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या तळाशी टेकवून सपाट मूठ. प्रत्येक आकारात स्नायूंच्या दोऱ्या वेगवेगळ्या सरकतात, म्हणून नुसती मूठ उघडझाप करून भागत नाही. अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत न्यायचा. स्प्लिंट तळहातावर इतका पुढे आला असेल की बोटं मुळातून वाकतच नाहीत, तर तो कापून घ्या. हे मी आठवड्यातून एकदा तरी बघते.

हात हृदयाच्या वर ठेवायचा. झोळीत हात खाली लोंबत असेल तर सूज बोटांत उतरते, आणि झोळीतच महिना काढला तर खांदा जखडतो. दिवसातून चार-पाच वेळा झोळी काढून हात डोक्यावर न्या, कोपर पूर्ण सरळ करा. केस विंचरायची नक्कल केली तरी चालेल.

इथे घरच्यांचं पहिलं काम येतं, सूज उतरवणं. पेशंटचा हात दोन उशांवर, पंजा कोपरापेक्षा वर. बोटाच्या टोकापासून मुळाकडे, पंजाच्या पाठीवरून वर, पट्टी लागेल तिथे थांबायचं. टाके निघाल्यावर तसंच कोपरापर्यंत. दाब इतकाच की त्वचा सरकेल, खालचं मांस दाबलं जाणार नाही. दिशा कायम बोटांकडून काखेकडे, उलटी कधीच नाही. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. नंतर लगेच हात वर धरून वीस वेळा मूठ. जोर लावला तर सूज वाढते, उतरत नाही. मालिश म्हटलं की आपल्याला रगडणंच आठवतं, म्हणून दोनदा सांगते.

टाके निघाले, आता मनगट

सर्जनने परवानगी दिली की स्प्लिंट काढून दिवसातून पाच-सहा वेळा मनगट हलवायचं. कोमट पाण्यात हात पाच मिनिटं बुडवून सुरुवात केली तर बरं जातं, पण जखम पूर्ण सुकलेली हवी.

हाताचा पुढचा भाग टेबलावर, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. पंजा वर उचलताना मुठीत पेन्सिल सैलसर धरायची. कारण सांगते. बोटं सरळ ठेवून पंजा उचलला तर बोटं सरळ करणारे स्नायू मनगट उचलायचं काम ओढून घेतात. दिसायला हालचाल होते, पण मनगटाचे स्नायू झोपलेलेच राहतात. मग काही पकडायला गेलं की मनगट खाली पडतं आणि पकडीत जोर येत नाही. ही सवय पहिल्याच आठवड्यात लागते आणि मोडायला महिना जातो. खाली वाकवताना उलट, बोटं सैल सोडायची. दहा वेळा वर, दहा वेळा खाली, प्रत्येक वेळी टोकाला पाच सेकंद थांबून. मग पंजा अंगठ्याच्या बाजूला आणि करंगळीच्या बाजूला.

आता प्रसादाची हालचाल. कोपर काटकोनात, बरगड्यांना चिकटलेलं. काखेत टॉवेलची गुंडाळी धरा, ती पडली की समजा फसवणूक झाली. हातात काही न धरता तळहात छताकडे, मग जमिनीकडे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, डॉक्टर हो म्हणाले तर, हलकं लाटणं मधोमध धरून हेच करायचं. पुढे लाटणं टोकाजवळ धरलं की त्याचंच वजन हाताला वळवतं, वेगळं उपकरण लागत नाही. तळहात वर येताना त्रास जास्त होतो, पण म्हणून खाली वळणं सोडू नका. भाकरी थापायला आणि कीबोर्डवर हात ठेवायला तेच लागतं.

सहाव्या आठवड्याच्या आसपास आणखी एक हालचाल जोडायची: हातोडीने खिळा ठोकताना मनगट वर-अंगठ्याकडून खाली-करंगळीकडे तिरकं जातं, तशी. रोजची बहुतेक कामं याच तिरक्या रेषेत होतात.

दुखणं किती चालेल? दहापैकी तीन-चारपर्यंतचं ताणाचं दुखणं व्यायामाच्या वेळी चालतं. ते तासाभरात ओसरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजलेला असेल, अंगठी घट्ट झाली असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. व्यायाम थांबवायचा नाही, निम्मा करायचा.

व्रण

चीर तळहाताच्या बाजूला, पुढच्या हातावर उभी असते आणि तिच्या अगदी खालून मनगट वाकवणारी दोरी जाते. व्रण त्या दोरीला चिकटला तर मूठ वळताना त्वचा आत ओढली जाऊन खळगा पडतो. खपली पूर्ण पडल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यात, खोबरेल तेल किंवा व्हॅसलिनचा एक थेंब घ्या. अंगठ्याच्या पेराने व्रणावर लहान गोल फिरवायचे, मग आडवं, मग त्वचा चिमटीत उचलून सोडायची. दाब इतका की त्वचा क्षणभर पांढरी पडेल. बोट त्वचेवर घसरता कामा नये, त्वचा खालच्या मांसावर सरकली पाहिजे, म्हणून तेल कमीच. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, निदान तीन महिने.

काहींना व्रणाला कापड लागलं तरी झिणझिण्या येतात. त्यांनी आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल फिरवायचा आणि शेवटी तांदळाच्या डब्यात हात घालून दाणे चाळवायचे. मूग-तांदूळ मिसळून ते निवडत बसलात तर बोटांचाही व्यायाम होतो.

थेरपिस्टचा हात नक्की काय करतो

मनगटात आठ लहान हाडं आहेत. त्यांची वरची ओळ रेडियसच्या टोकाला वाटीत अंडं बसावं तशी बसते. पंजा मागे वळतो तेव्हा हे अंडं मागे गडगडतं आणि त्याच वेळी वाटीत थोडंसं पुढे, तळहाताकडे, घसरतं. हे घसरणं बंद पडलं की हाड वाटीच्या कडेला अडतं. मग पेशंट कितीही जोर लावो, मनगटाच्या पाठीवर कळ येते आणि हालचाल तिथेच थांबते. घसरण काही मिलिमीटरचीच असते. ती पेशंटला स्वतःच्या स्नायूंनी वेगळी करता येत नाही. ती थेरपिस्टच्या हाताने मिळवून द्यायची असते.

पण त्याआधी अडतंय कुठे ते शोधावं लागतं. मी बोटं सरळ धरून मनगट मागे नेते आणि किती जातं ते मोजते. मग बोटं वाकवून पुन्हा. बोटं वाकवल्यावर मनगट बरंच जास्त मागे गेलं, तर अडसर सांध्यात नाही, बोटांच्या दोऱ्या आखूड झाल्यात किंवा चिकटल्यात. तिथे सांधा सरकवून काही मिळणार नाही, स्नायूला ताण द्यायला हवा. दोन्ही वेळा सारखंच अडलं तर सांधा. ही तपासणी न करता कोणी थेट मनगट ओढायला लागलं, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता कृती. हात टेबलावर पालथा, मनगटाच्या जरा अलीकडे टॉवेलची घडी, पंजा कडेबाहेर. एका हाताने रेडियस आणि अल्ना (करंगळीच्या बाजूचं हाड) दोन्ही वरून पकडायची, व्रणावर दाब न देता. दुसऱ्या हाताची पकड मनगटाच्या घडीला लागून, लहान हाडांच्या वरच्या ओळीवर. पंजा किंवा बोटं धरून ओढायची नाहीत, कारण मग मधले सगळे सांधे ताणले जातात. आधी हलकं लांब ओढून दहा सेकंद धरायचं, सांधा मोकळा होतो. मग ती ओळ जमिनीकडे, म्हणजे तळहाताकडे, सरकवायची. सेकंदाला एक-दोन लहान झोके, तीस सेकंद, थोडी विश्रांती, असं तीनदा. पंजा मागे जायला याने वाट होते. खाली वाकायला अडत असेल तर हात उताणा करून तेच, आता सरक पंजाच्या पाठीकडे. हात उताणाच होत नसेल तर करंगळीच्या कडेवर उभा ठेवून करायचं.

प्रसादाच्या हालचालीसाठी जागा वेगळी. करंगळीच्या बाजूचं अल्नाचं गोल टोक चिमटीत स्थिर धरायचं आणि दुसऱ्या चिमटीत रेडियस धरून त्याला अल्नाभोवती पाठीकडे सरकवायचं. तळहात खाली वळण्यासाठी उलट. इथे लागणारा जोर फार कमी असतो. अल्नाचं टोक किंवा तिथले बंध दुखावले असतील, तर सर्जनशी बोलल्याशिवाय मी याला हात लावत नाही.

जोराच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी लावून दिल्या, आजही जगभर तीच भाषा चालते. पहिली, हालचालीच्या सुरुवातीला अगदी लहान झोका. दुसरी, मोठा झोका पण अडथळ्याला न टेकणारा. तिसरी, मोठा झोका अडथळ्यात शिरणारा. चौथी, अडथळ्यातच लहान झोका. पहिल्या दोन दुखणं कमी करायला, पुढच्या दोन आखडलेपण काढायला. सर्जन तयार असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून मी फक्त पहिल्या दोन वापरते. तिसरी-चौथी एक्स-रेत हाड जुळताना दिसल्यावरच, म्हणजे बहुधा सहा आठवड्यांनंतर.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत मला मनगटासाठी विशेष आवडते. थेरपिस्ट लहान हाडांची ओळ बाजूला किंचित सरकवून धरतो आणि हालचाल पेशंट स्वतः करतो. दिशा बरोबर असेल तर मघाची कळ तिथल्या तिथे कमी होते. नाही झाली तर दिशा बदलायची, जोर वाढवायचा नाही.

सांधा सैल झाला की पुढची दहा मिनिटं सोन्याची असतात. लगेच त्याच दिशेने पेशंटने स्वतः दहा-पंधरा वेळा हालचाल करायची आणि घरी दर दोन तासांनी तेवढीच राखायची. नाहीतर पुढच्या भेटीत आम्ही पुन्हा त्याच अंशावर भेटतो. नीट समजावलेला घरचा व्यायाम करणारे पेशंट आणि शिवाय सांधा सरकवून घेणारे पेशंट यांची तुलना झालेली आहे, त्यात ठळक फरक दिसलेला नाही. माझ्या धंद्याला हे सोयीचं नाही, पण म्हणूनच मी सगळ्यांना रोज बोलावत नाही. घरी व्यायाम करूनही ज्यांच्या हालचालीचं माप दोन आठवडे हलत नाही, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा थेरपिस्टच्या हातचे उपचार लागतात. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा तपासणी पुरते.

माप ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घ्यायचं. कोनमापक नसेल तर बाजूने मोबाइलवर फोटो काढा. निरोगी मनगट साधारण ७० अंश मागे आणि ८० अंश पुढे जातं, हात दोन्हीकडे ८०-९० अंश वळतो. रोजची बहुतेक कामं मागे ४० आणि पुढे ४० अंशांत भागतात, तेव्हा पहिलं लक्ष्य तेच ठेवा.

हे करू नका, करू देऊ नका

गावाकडे हाडवैद्याकडे जाऊन गरम तेल लावून हात "मोकळा" करून घेणं अजून चालतं. शहरात तेच काम यूट्यूब पाहिलेला पुतण्या करतो. बेसावध क्षणी दिलेल्या झटक्याने न जुळलेलं हाड सरकू शकतं, स्क्रू ढिले होऊ शकतात, आणि घाबरलेला हात महिनाभर कोणाला हात लावू देत नाही. सांधा सरकवणं घरच्यांनी करायचं नाही. त्यांचं काम सूज, व्रण आणि पेशंटला वेळेवर आठवण. थेरपिस्टकडे राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला लाजू नका. आत धातू आहे हेही त्यांना सांगा, कारण शॉर्टवेव्ह यंत्राचा शेक प्लेटवर द्यायचा नसतो. मेणाचा किंवा गरम पाण्याचा शेक चालतो, पण बोटांना गरम-थंड नीट कळत असेल तरच.

काही लक्षणं दिसली तर व्यायामाची वही बाजूला ठेवून सर्जनला फोन करा. पंजा टेबलावर सपाट ठेवून अंगठा छताकडे उचलता येत नाही, काल येत होता: अंगठ्याची दोरी तुटल्याची शंका घ्यायची, ऑपरेशननंतर काही महिन्यांनीही. अंगठ्याचं टोक वाकवताना प्लेटपाशी करकर जाणवते: दोरी प्लेटवर घासत असेल. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर, रात्री जास्त: मधली नस दाबली जातेय. जखमेतून पू किंवा ताप. आणि ज्याचा उशीर सर्वांत महाग पडतो ते: हात लागू देववत नाही इतकी आग, पंजा चकचकीत, कधी लाल कधी निळसर, घाम सुटलेला, बोटं ताठ. "ऑपरेशन झालंय, दुखणारच" म्हणून हे घरात महिनाभर मुरतं. लवकर पकडलं तर यातून बाहेर काढता येतं.

सहा आठवड्यांनंतर

एक्स-रे पाहून सर्जनने हो म्हटलं की ताण आणि ताकद. नमस्कार करा, तळहात चिकटलेले ठेवून हात हळूहळू बेंबीकडे उतरवा. तळहातांचा तळ सुटायच्या बेताला थांबा, तीस सेकंद. मग पंजांच्या पाठी जोडून उलटा नमस्कार. ताकदीसाठी आधी स्पंज पाण्यात पिळणं, मग मळलेली मऊ कणीक, मग अर्धा लिटर पाण्याची बाटली. कणीक प्रथम फक्त मुठीत दाबायची. परातीत तळहाताने रेटून मळणं म्हणजे मागे वळलेल्या मनगटावर अंगाचा भार, ते दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत थांबू द्या. भार टाकायची सुरुवात भिंतीवर तळहात टेकून करायची, मग ओट्यावर, जमिनीवर सर्वांत शेवटी.

स्कूटरचं सगळेच विचारतात. उजवा हात असेल तर ॲक्सिलरेटर पिळताना मनगट मागे जातं आणि त्याच हाताला अचानक ब्रेकही दाबावा लागतो. बंद गाडीवर बसून दोन्ही न दुखता, पटकन जमतंय का पाहा, आणि मग डॉक्टरांना विचारा. सूर्यनमस्कार तीन महिन्यांपूर्वी नाही.

हालचाल आणि पकड वर्षभर सुधारत राहते, मोठा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांत येतो. पन्नाशीपुढच्या ज्या बाई नुसत्या उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडून घेतात, त्यांना मी शेवटच्या भेटीत हाडांची घनता मोजायची चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्यायला सांगते. सोबत ड जीवनसत्त्वाची तपासणी, आणि न्हाणीघरात रबरी चटई.